काडीचं नॉर्मल

मंगळवार, ४ मार्च

ताई,

काडीचा रिपोर्ट आला. चार तारे आहेत. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, तारे मोजले आणि ऑपरेशनची तारीख खोडली.

तुला अर्धंच माहीत आहे म्हणून पहिल्यापासून लिहितो. आत्याच्या काडीला पुढच्या उजव्या पायात, मनगटाच्या जरा वर, सूज आहे. महिनाभर आम्ही ती लचक समजलो. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी फोटो काढला. हाडातली गाठ निघाली. पाय खांद्यापासून काढायचा, आणि लवकर, गाठ छातीत उतरायच्या आत. छातीचा फोटो आज तरी स्वच्छ आहे. दोन दिवसांनी आत्या म्हणाली, "तीन पायांवर स्टूल उभं राहतं, मग कुत्री का नाही राहणार?" येता शनिवार ठरला. भूल द्यायच्या आधी रक्त बघायचं असतं, म्हणून शुक्रवारच्या गाडीनं नमुना तुमच्या लॅबकडे पाठवला.

आता हे. पीसीव्ही, म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती, ते एकोणसाठ. जास्त, तारा. पांढऱ्या पेशी कमी, तारा. प्लेटलेट एक लाख अठरा हजार, कमी, तारा. क्रिएटिनिन जास्त, तारा. डॉक्टर म्हणतात, प्लेटलेट इतक्या कमी असताना कापलं तर रक्त थांबणार नाही, आणि मूत्रपिंडांचाही भरवसा नाही. आधी रक्त ताळ्यावर आणू, मग पाय. आत्या समोरच उभी होती. म्हणाली, "तिच्या रक्तात तारे आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे."

मला एवढंच सांग. मशीन चुकलं का? नळी गाडीत हिंदकळली का? पत्र नमुन्यांच्या डब्यातून पाठवतोय. फोनवर आपण भांडतो. कागदावर निदान एकाचं बोलून होतं.

छोट्या


शुक्रवार, ७ मार्च

छोट्या,

मशीन चुकलेलं नाही. प्लेटलेट कमी दिसल्या तेव्हा मी काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजल्या. गुठळी नव्हती. रक्तही तू नीट घेतलं होतंस. हे एकदाच लिहिते, पुन्हा म्हणणार नाही.

चूक शोधायचीच असेल तर तुझ्या फॉर्ममध्ये शोध. जातीचा रकाना रिकामा. इथे रिकामा रकाना आला की 'मिश्र' टाइप करतात. आकड्यांत त्यानं काही फरक पडत नाही, पण रकाना असतो तो भरायला असतो.

डॉक्टर सांगतात तसं करा. तुला कंपाउंडर होऊन सहा वर्षं झाली, मला या टेबलावर एकोणीस. रिपोर्ट आवडला नाही की लोक लॅबवर घसरतात. तू तरी घसरू नकोस.

काडी आहे कोणत्या जातीची? मी पाहिली तेव्हा उंदराएवढी होती.

ताई


मंगळवार, ११ मार्च

ताई,

ग्रेहाउंड. शर्यतीच्या कुत्र्यांचा तळ बंद झाला तेव्हा तिथल्या माणसानं आत्याच्या हातात दिली. रकाना मी रिकामाच सोडतो. डॉक्टर म्हणतात, जात लिहिली की मालक भाव खातात.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. डॉक्टरांचं म्हणणं, अंगच आपल्या प्लेटलेट खातंय, ते थांबवायला या गोळ्या हव्यात. गोळीनं काडी बादलीभर पाणी पिते आणि दर तासाला तिला खाली न्यावं लागतं. आत्या दुसऱ्या मजल्यावर. आत्या कठड्याला धरून उतरते, काडी आत्याला धरून. मधल्या वळणावर दोघी बसतात. काल मी वर जात होतो तर आत्या पायरीवरूनच म्हणाली, "तुझ्या डॉक्टरला विचार, पाय तिचा दुखतो तर औषध मुताचं का?"

एक गोष्ट मला खटकते आहे. त्याच तळावरची काडीची सख्खी बहीण वर्तमानपत्रवाल्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी पाय मुरगळला म्हणून तिचं रक्त तुमच्याकडेच पाठवलं होतं. मी जुनी फाईल काढली. हेच चार तारे, ओळीनं. तेव्हा डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं, वर्षभर काढेल म्हणाले. वर्तमानपत्रवाला रडला होता. ती कुत्री आज सकाळी त्याच्या सायकलच्या पुढे पळत होती.

दोघींना एकच आजार आहे म्हणावा, तर तो कसला आजार? मला कळत नाही. तुला एकोणीस वर्षं झाली आहेत, तू सांग.

छोट्या


शुक्रवार, १४ मार्च

छोट्या,

टोमणा पोचला.

मंगळवारी तुझं पत्र वाचून मी जुन्या कपाटाकडे गेले. रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी 'नॉर्मल' म्हणून जी मर्यादा छापतात ती कुठून आली, ते बघायला. खालच्या कप्प्यात वही मिळाली. अक्षर माझंच.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, पन्नासेक निरोगी कुत्र्यांचं रक्त घ्या, आकडे मांडा, टोकाचे काढून टाका, मधले ते नॉर्मल. पन्नास कुत्री आणायची कुठून? लॅबच्या मागे पहारेकऱ्यांचं कुत्राघर होतं. दर गुरुवारी सकाळी मी तिथे जायचे. चाळीस मिळाली. शिकवलेली, शांत, सुई टोचली तरी हलायची नाहीत. मला फार कौतुक वाटायचं. चाळीसच्या चाळीस शेफर्ड. मी साहेबांना विचारलं होतं, सगळी एकाच जातीची चालतील का? ते म्हणाले, "बाई, निरोगी ते निरोगी." मी वहीत तसं लिहून सही केली. नंतर मशीन बदलली, कॉम्प्युटर आला. ती यादी एकातून दुसऱ्यात जशीच्या तशी उतरवत गेले. मीच.

दोन दिवस पुस्तकं काढून बसले होते. पळणाऱ्या शिकारी कुत्र्यांचं रक्त जन्मतःच दाट असतं. तांबड्या पेशी साठच्या घरात असणं त्यांना शोभतं. प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी. अंगावर मांस जास्त म्हणून क्रिएटिनिन जास्त. एकोणसाठ, एक लाख अठरा हजार, सगळं बसतं. तुझ्या चार ताऱ्यांत एकही आजार नाही. काडी पायाखेरीज ठणठणीत आहे.

गोळ्या बंद करा. एकदम नाही, उतरवत आणा. आणि पाय काढा. सोबत डॉक्टरांना चिठ्ठी आहे, पुस्तकांची पानं नोंदवून. त्यांना दे. आपण होऊन काही बोलू नकोस, नुसती दे.

ताई


मंगळवार, १८ मार्च

ताई,

नुसती दिली. डॉक्टरांनी दोनदा वाचली. म्हणाले, "ही तुझी बहीण ना?" मी हो म्हणालो. म्हणाले, "तिच्या लॅबचा छापील रिपोर्ट म्हणतो प्लेटलेट कमी. तिची हातची चिठ्ठी म्हणते बरोबर आहेत. फाईलला मी काय लावू?"

मी म्हणालो, पुस्तकांची पानं दिली आहेत.

"पानं मला वाचता येतात. उद्या कुत्री टेबलावर रक्त जाऊन मेली तर तुझी आत्या पानं वाचणार का? रिपोर्टवर छापून आणा, उद्या कापतो."

चिठ्ठी त्यांनी घडी करून मलाच परत दिली. राग नव्हता त्यांना. तो असता तर मला बरं वाटलं असतं. दोन वर्षांपूर्वी एक कुत्रा त्यांच्या हाताखाली असाच गेला होता. मी बोळे देत होतो, मला आठवतं. तेव्हापासून प्लेटलेटचा आकडा ते बोटानं दाबून वाचतात.

तेव्हा छापून दे. एक ओळ. ग्रेहाउंड आहे, हे आकडे या जातीला ठीक आहेत, एवढंच. तुझी लॅब, तुझं मशीन, तुझी यादी. एक ओळ छापायला काय लागतं?

सूज लिंबाएवढी होती, आता संत्र्याएवढी आहे. गोळ्या चालू आहेत.

छोट्या


शुक्रवार, २८ मार्च

छोट्या,

एक ओळ छापायला काय लागतं ते सांगते.

गेल्या गुरुवारी साहेबांकडे गेले. हे नवे साहेब, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी वही पुढे ठेवली. ते म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये कुत्र्याला एकच यादी आहे, जातीवार करायची तर मुख्य कार्यालयाला प्रस्ताव द्यावा लागेल. मी म्हटलं, मग निदान शेरा लिहू द्या. ते म्हणाले, शेऱ्याचा रकाना दोन वर्षांपूर्वी काढला. का काढला? तर लोक त्यात शेरे लिहीत होते.

मी हसले. ते हसले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "ही यादी केली कोणी?"

"मी."

"आणि तुम्हीच म्हणता ती चुकीची आहे?"

"शेफर्डना बरोबर आहे."

"मग या एकोणीस वर्षांत जे रिपोर्ट गेले त्यांचं काय, बाई?"

त्या टेबलावरून लांब पायांची किती कुत्री गेली हे मोजायला मी बसले नाही. बसणार होते, पण तुझा वर्तमानपत्रवाला आठवला आणि उठले.

सोमवारी मी मुकाट्यानं काडीचा रिपोर्ट उघडला, खालच्या पत्त्याच्या ओळीत ती एक ओळ घुसवली आणि छापला. तो कागद तुझ्यापर्यंत पोचला नाही. बुधवारी माझ्या हातात मेमो पोचला. आता मी शेण तपासते. कृमींची अंडी मोजायची. साहेब म्हणाले, "थोडा बदल हवाच असतो." रक्ताचं टेबल नव्या मुलीकडे दिलं आहे. पोरगी चांगली आहे, पण यादीपुढे बघणार नाही. मीही नव्हते बघत.

डॉक्टरांना म्हणावं, निदान गोळ्या तरी कमी करा.

ताई


शुक्रवार, ४ एप्रिल

ताई,

तुझ्या शेणाच्या टेबलाचं वाईट वाटलं. पण आता जरा ऐक.

मंगळवारी काडीचं रक्त पुन्हा पाठवलं होतं. रिपोर्ट आज आला. एकही तारा नाही. पीसीव्ही एक्केचाळीस, प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार, पांढऱ्या पेशी ठीक, क्रिएटिनिनही खाली आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट काउंटरवर पसरून सगळ्यांना दाखवला. मला म्हणाले, "तुझ्या बहिणीला कळव."

कळवतो. गोळ्या लागू पडल्या. तू म्हणत होतीस आजार नाहीच. मग बरं काय झालं? ताई, रागावू नकोस, पण पुस्तकातलं कुत्रं वेगळं आणि टेबलावरचं वेगळं. महिनाभर मी दोन दगडांवर पाय देऊन उभा होतो. एकीकडे तू, एकीकडे ते, आणि जिन्यावर आत्या. आज पहिल्यांदा हुश्श वाटलं.

सोमवारी सकाळी दहाला पाय काढणार. आत्याचं रडगाणं चालूच आहे. काडी जिना चढत नाही, नुसती पडून असते, शी डांबरासारखी काळी होते. मी म्हटलं, आत्या, रिपोर्ट स्वच्छ आहे. तर म्हणते, "मग रिपोर्टला फिरायला ने." तिला सगळं काळंच दिसतं.

छोट्या


शनिवार, ५ एप्रिल

छोट्या,

मघाशी फोनवर तू 'रिपोर्ट स्वच्छ आहे' एवढंच चार वेळा म्हणालास आणि ठेवलास. डॉक्टरांना केला, त्यांनी नमस्कार करून ठेवला. म्हणून लिहिते. लॅबची गाडी मंगळवारशिवाय नाही. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. उद्या सकाळी साडेआठला स्टँडवर घे, असा मेसेज तुला टाकला आहे.

सावकाश वाच.

काडीचं नॉर्मल एकोणसाठ. आज एक्केचाळीस. शेफर्डला एक्केचाळीस चालतं, म्हणून तारा नाही. काडीचं जवळजवळ तिसरा हिस्सा रक्त महिन्याभरात गेलं आहे. कुठे गेलं, ते आत्या तुला सांगते आहे. काळी शी म्हणजे रक्त. पोटात जखम होऊन ते झिरपतं आणि आतड्यातून येता येता काळं पडतं. रक्त जात राहिलं की अंग नव्या प्लेटलेट घाईनं सोडतं, त्या वाढल्या. पांढऱ्या पेशी गोळीनं वाढतात. मांस झडलं म्हणून क्रिएटिनिन उतरलं. चारही आकडे आजारानं जागेवर आणले आहेत. तिच्या जन्मात असा वाईट रिपोर्ट आलेला नाही, आणि तो तुम्ही काउंटरवर पसरून दाखवला.

या रक्तावर पाय कापला तर ती टेबलावरून उठणार नाही.

नुसत्या स्टेरॉइडनं एवढं सहसा होत नाही. तिला दुखण्याची गोळी कोणी देतंय का? दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर पोट फाडतात. आत्याला विचार. तिच्यावर ओरडू नकोस, नुसतं विचार.

तिचा ओठ उचलून हिरडी बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, हिरडीवर ठेव.

ताई


मंगळवार, ८ एप्रिल

ताई,

पत्र स्टँडवर मिळालं. तिथेच, पुढच्या बसच्या धुरात उभा राहून वाचलं. आत्याला विचारायची गरज पडली नाही. दुखण्याच्या गोळ्या मीच दिल्या होत्या.

हे तुला लिहिलं नव्हतं. काडी कण्हायची आणि आत्या कानांवर उशी घेऊन बसायची. ते मला बघवेना. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू करताना दुखण्याची गोळी बंद केली होती. दवाखान्याच्या फळीवर पाकिटं होती, मी दोन आत्याला नेऊन दिली. म्हटलं, डॉक्टरांना सांगू नकोस. तिनं नाही सांगितलं. तिनं मलाच सांगितलं, शी काळी होते म्हणून, आणि मी तिला रिपोर्ट दाखवला.

रविवारी आत्याकडे गेलो. काडीचा ओठ उचलला. हिरडी कागदासारखी. आत्या म्हणाली, "पंधरा दिवस हेच सांगतेय. पण माझ्याकडे मशीन नाही ना."

मी तिला सगळं सांगितलं. गोळीचंही. वाटलं थोबाडीत देईल. ती बराच वेळ काडीचा कान चोळत राहिली. मग म्हणाली, "उद्या मी नेत नाही हिला. तू जा आणि सांग."

सोमवारी दहाला टेबल धुऊन तयार होतं. डॉक्टर हात धूत होते. मी म्हणालो, सर, कुत्री येणार नाही. तिचं पोटात रक्त जातंय. दुखण्याची गोळी मी दिली, तुम्हाला न विचारता. नळ चालूच राहिला. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, चोवीस.

ते ओरडले नाहीत. एप्रन काढला आणि चालत आत्याकडे आले. दोन मजले चढले. जमिनीवर बसून काडीची हिरडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. रिपोर्ट खिशात होता, तो काढलाच नाही. पोटाचं औषध दिलं, स्टेरॉइड उतरवायला घेतलं. उठताना आत्या म्हणाली, "डॉक्टर, महिन्याभरात तुम्ही हिला पहिल्यांदा हात लावलात."

औषधांच्या फळीची किल्ली माझ्याकडून घेतली आहे. बरोबरच आहे. नोकरी अजून आहे.

पाय पुन्हा लांबला.

छोट्या


शुक्रवार, १८ एप्रिल

छोट्या,

किल्ली जाऊ दे. मी काय लिहू? तू दोन पाकिटं दिलीस, मी यादी दिली.

मी पाठवलेल्या प्रस्तावाला मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. प्रस्तावासोबत प्रत्येक जातीच्या किमान एकशेवीस निरोगी कुत्र्यांचे आकडे जोडावेत. तोवर चालू यादी चालू ठेवावी. चालू यादी चाळीस कुत्र्यांवर चालली, तिला कोणी एकशेवीस विचारले नव्हते. हे मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, तेव्हाचे नियम वेगळे होते.

काडीचं रक्त परत कधी बघता? मला रिपोर्ट नको, आकडा कळव. पीसीव्ही पंचावन्नच्या वर गेला की एक दिवस थांबू नका.

ताई


मंगळवार, २९ एप्रिल

ताई,

छप्पन्न. काडी जिना चढते. परवा आत्याच्या ताटातली पोळी पळवली. आत्यानं तिला शिव्या दिल्या आणि दुसरी टाकली.

रिपोर्टवर चारही तारे परत आले. पीसीव्ही जास्त, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट एक लाख पाच हजार, क्रिएटिनिन जास्त. मी धावत नेऊन दाखवला. आणि डॉक्टर पुन्हा प्लेटलेटवर बोट ठेवून बसले. दहा मिनिटं. मी वेडा व्हायचा बाकी होतो. तारे गेले तेव्हा ती मरत होती, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी तारा दिसला की बोट तिथेच जातं.

शेवटी म्हणाले, "मला पटतंय. तुझ्या बहिणीचं सगळं पटतंय. पण हात उचलत नाही. छापील नको, पण तिच्या हुद्द्यासकट सहीचा कागद दे. चिठ्ठी नको. कागद."

सूज आता संत्र्याहूनही मोठी झाली आहे. त्वचा चकाकते.

छोट्या


शुक्रवार, २ मे

छोट्या,

कागद सोबत आहे. हुद्दा आहे, नोंदणी क्रमांक आहे, सही आहे. मजकूर असा लिहिला आहे: 'या प्रयोगशाळेची कुत्र्यांसाठीची नॉर्मल यादी मी स्वतः एकाच जातीच्या चाळीस कुत्र्यांवरून तयार केलेली आहे. ती ग्रेहाउंडला लागू नाही. सोबतच्या रिपोर्टातील चारही आकडे या जातीस योग्य असून कुत्री शस्त्रक्रियेस पात्र आहे.'

याची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "बाई, हे मागे घ्या, मी पाहिलं नाही असं समजतो." मी म्हटलं, तुम्ही पाहा. सोमवारपर्यंत लेखी खुलासा मागितला आहे. खुलासाच तर दिला होता. आता त्याचा खुलासा काय देऊ?

शेणाचं टेबल राहील का माहीत नाही. ते मला सोडवेना झालं तर मलाच हसू येईल.

डॉक्टरांना म्हणावं, बोट माझ्या सहीवर ठेवा आणि कापा.

ताई


मंगळवार, १३ मे

ताई,

कागद डॉक्टरांनी फाईलला लावला, रिपोर्टच्या वर. बुधवार ठरला. बुधवारी सकाळी भूल द्यायच्या आधी छातीचा फोटो पुन्हा काढला. नियम आहे.

उजव्या बाजूला दोन ठिपके आहेत. मसुराएवढे. फेब्रुवारीतला फोटो शेजारी लावून बघितला. तेव्हा नव्हते.

डॉक्टरांनी आत्याला खुर्ची दिली. ती बसली नाही. त्यांनी सांगितलं, पाय काढला तरी आता हे वाढणार. पाय काढला तर दुखणं जाईल, चार-पाच महिने बरे जातील. नाही काढला तर ते हाड कधीही मोडेल.

आत्यानं विचारलं, "मार्चमध्ये काढला असता तर?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हाही आत असेल, दिसत नसेल. सांगता येत नाही." खरंच सांगता येत नाही, ताई. मी नंतर पुस्तकात बघितलं. पण ते बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि तू तिथे नव्हतीस.

आत्या म्हणाली, "काढा. आज तिला दुखतंय."

काढला. चाळीस मिनिटं लागली. मी बोळे देत होतो. रक्त आलं तेवढं लगेच थांबलं. बोळ्यांचं अर्धं पाकीट तसंच उरलं. टाके घालताना डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "एक लाख पाच हजार." दोनदा म्हणाले. मग मला म्हणाले, वर्तमानपत्रवाल्याला बोलावून घे, त्याच्या कुत्रीबद्दल त्याला सांगायचं आहे.

काडी दुसऱ्या दिवशी उभी राहिली. पडली, उभी राहिली. रविवारी खाली अंगणात सोडली. सुरुवातीला तिला वळता येईना. सरळ जायची आणि भिंतीशी थांबायची. मग तिला ते जमलं. ताई, ती पळाली. वाकडी, एका अंगावर, पण माझ्या हाती लागली नाही. पायाचं दुखणं गेल्याचं तिला बहुतेक त्याच क्षणी कळलं असावं, कारण ती थांबेचना. आत्या जिन्याच्या तळाशी उभी राहून तिला ओरडत होती, टाके उसवतील, मूर्ख, टाके उसवतील.

मी आत्याला म्हणालो, ती बरी झाली असं वाटतं ना?

आत्या म्हणाली, "वाटू दे. तिला कोणी सांगू नका."

छोट्या